गावठी गाय आणि क्षयरोग

गेल्या पावसाळ्यांत वर्गांत जंतूंचा धडा चालला असतां रेवदंड्याकडील एका विद्यार्थ्यानें उभें राहून आम्हांस विचारलें, "सर, गावठी गायीला क्षय होत नाहीं असें आमचे आजोबा म्हणतात. मग तिचें दूध तापवायचें कशाला? धारोष्णच प्यावें, तें अंगीं लागतें." वर्गांत हशा पिकला, परंतु प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आजोबांच्या म्हणण्यांत कांहीं सत्य आहे, आणि त्या सत्याच्या आडच एक धोका दडलेला आहे. तास संपल्यामुळें त्या दिवशीं पुरतें उत्तर देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं गोठा आहे, म्हणून पालकांनींही हा लेख वाचावा अशी विनंती आहे.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊं. ता. २४ मार्च १८८२ रोजीं रॉबर्ट कॉख ह्या जर्मन डॉक्टरानें बर्लिन येथें क्षयाचा जंतु शोधून काढल्याचें जाहीर केलें. मनुष्याच्या क्षयाचा जंतु व गुरांच्या क्षयाचा जंतु हे एकाच कुळांतले असले तरी एक नव्हेत. गुरांच्या जंतूस शास्त्रांत मायकोबॅक्टेरियम बोव्हिस असें नांव आहे. सन १९०१ मध्यें लंडनच्या परिषदेंत खुद्द कॉखनें असें मत दिलें कीं, गुरांच्या क्षयापासून मनुष्यास फारसें भय नाहीं. मत देणारा पुरुष केवढा थोर! तथापि ब्रिटिश सरकारनें त्याच वर्षीं एक रॉयल कमिशन नेमिलें, आणि अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर १९११ सालीं त्या कमिशननें आपला शेवटचा अहवाल देऊन तें मत खोडून काढिलें. रोगी गायीच्या कच्च्या दुधांतून जंतु मुलांच्या पोटांत जातात, आणि गळ्याच्या गांठी, आंतडीं व हाडें ह्यांचा क्षय उत्पन्न करितात, हें तेव्हां सिद्ध झालें. मोठ्या माणसाचें नांव हें प्रमाण नव्हे, प्रयोग हें प्रमाण होय, हा ह्या गोष्टीचा पहिला धडा.

आतां आजोबांच्या म्हणण्याकडे वळूं. हा प्रश्न आपल्या खाडीपलीकडे मुंबईस, परळच्या प्रयोगशाळेंत, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं हातीं घेण्यांत आला होता. १९२५ सालापासून जिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात, तीच ही संस्था. तेथील लिस्टन व सोपारकर ह्या दोघांनीं, भारतीय दुभत्या जनावरांस क्षय कितपत जडतो ह्याविषयींचा आपला निबंध १९१७ सालीं प्रसिद्ध केला. आपलीं गुरें विलायती गुरांपेक्षां ह्या रोगास अधिक दाद देत नाहींत, असें त्यांस दिसून आलें. पुढें आफ्रिकेंतही असाच अनुभव आला. इथिओपिया देशांत पांच हजारांवर गुरें तपासून २००७ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यांत विलायती होल्स्टीन जातीच्या गुरांमध्यें शेंकडा २२ आणि तेथील वशिंडाच्या देशी गुरांमध्यें शेंकडा १२ च्या आंत बाधा आढळली. दोन्ही जाती एकत्र, एकाच व्यवस्थेंत ठेविल्या तरीही होल्स्टीनच्या अंगांतील गांठी अधिक व मोठ्या होत्या. तेव्हां आजोबांचें निरीक्षण निराधार नाहीं.

परंतु विद्यार्थ्यांनीं येथें थांबून शेंकडा १२ ह्या आंकड्याकडे पुन्हां पाहावें. बारा म्हणजे शून्य नव्हे. ज्या गुरांस रोग कमी लागतो, त्यांस तो लागतच नाहीं असें म्हणणें हा गणिताचा नव्हे, समजुतीचा दोष आहे. आणि त्याचा दंड बहुधा घरांतल्या सर्वांत लहान मुलास भरावा लागतो. शिवाय त्याच तपासणींत असेंही दिसलें कीं, मोकळ्या कुरणांत चरणाऱ्या गुरांमध्यें रोगाची तीव्रता कमी व कोंडून ठेविलेल्यांत अधिक असते. म्हणजे गुण सर्वस्वीं रक्ताचा नाहीं. वारा व ऊन ह्यांचाही त्यांत वांटा आहे. तीच गावठी गाय अंधाऱ्या, दाटीच्या गोठ्यांत बारा महिने बांधली तर तिची ढाल पातळ होते.

मग रोगास स्वभावतःच दाद न देणारें जनावर ओळखावें कसें? पुष्कळांस वाटतें कीं हें सोपें आहे. पशुवैद्य गायीच्या मानेच्या कातडींत ट्यूबरक्युलिन नांवाचा अर्क थोडासा टोचतो आणि ७२ तासांनीं त्या जागेची जाडी मोजतो. कातडीची घडी चार मिलिमीटर किंवा अधिक जाड झाली तर गायीस लागण झाली असें समजतात. मग जिला सूज आली नाहीं ती रोगास न बधणारी, असें म्हणावें काय? असें म्हणतां येत नाहीं, आणि त्याचीं कारणें तीन आहेत. पहिलें, त्या गायीची व जंतूची कधीं गांठच पडली नसेल. ज्यावर चोर आलाच नाहीं त्या घराचें कुलूप मजबूत होतें असें कसें म्हणावें? दुसरें, लागण नुकतीच झाली असेल. शरीरास जंतूची ओळख पटून चाचणींत सूज येण्यास कांहीं आठवडे लागतात. तिसरें कारण सर्वांत भयंकर आहे. रोग फार बळावला म्हणजे शरीर इतकें थकतें कीं सूज आणण्याचेंही त्राण त्यास राहत नाहीं. म्हणजे गोठ्यांतील सर्वांत रोगी गाय चाचणींत निर्दोष ठरूं शकते!

ह्यावरून दिसेल कीं एकट्या गायीकडे पाहून हा गुण कळत नाहीं. तो तिच्या कुळाकडे पाहून कळतो. एक उदाहरण घेऊं. समजा, रोग शिरलेल्या गोठ्यांत एका वळूच्या १०० लेकी वाढल्या आणि त्यांपैकीं १२ जणींस लागण झाली. त्याच गोठ्यांत दुसऱ्या वळूच्याही १०० लेकी वाढल्या, परंतु लागण ७ जणींसच झाली. गोठा तोच, चारा तोच, जंतु तोच. मग फरक बहुतांशीं बापाकडून आलेल्या रक्ताचा, असें अनुमान करण्यास जागा होते. असे आंकडे हजारों लेकींचे जमविले म्हणजे अनुमान बळकट होतें. एडिंबरोजवळील रॉसलिन इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनीं हेंच केलें, आणि त्यांच्या कामावरून २०१६ सालापासून ब्रिटनमध्यें दुभत्या जातीच्या वळूंस क्षयाविषयींचे गुण देण्यांत येऊं लागले. हे गुण सामान्यतः उणे तीन ते अधिक तीन ह्यांच्या दरम्यान असतात. एक गुण वाढला म्हणजे रोगाच्या साथींत त्या वळूच्या लेकींपैकीं शेंकडा एक कमी जणींस लागण होईल अशी अपेक्षा. लाभ लहान दिसतो खरा. पण तो पिढ्यान् पिढ्या सांचत जातो, आणि त्यास औषधाचा खर्च नाहीं.

मात्र ही पद्धत चालण्यास दोन गोष्टी लागतात: प्रत्येक वासराच्या बापाची नोंद आणि प्रत्येक तपासणीची नोंद. आपल्या किनाऱ्यावर किती गोठ्यांत अशी वही सांपडेल? अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन ह्या बाजूचें लहान चणीचें, मुसळधार पावसांत व डोंगरउतारावर तग धरणारें गुरूं आतां "कोंकण कपिला" ह्या नांवानें स्वतंत्र जात म्हणून नोंदलें गेलें आहे. तें दूध थोडें देतें, म्हणून अनेकांनीं जर्सी व होल्स्टीनचा संकर केला. त्यांत त्यांचा दोष नाहीं; मुलांच्या शिक्षणाचा खर्च दुधावर निघतो, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु दुधाबरोबर कोणता गुण गेला ह्याचा हिशेब कोणीं ठेविला नाहीं, आणि जो गुण मोजला नाहीं तो हरवल्याचें कळतही नाहीं.

हा विचार आपल्या देशास विशेष लागू आहे. निरनिराळ्या तपासण्यांचे आंकडे एकत्र करून २०१८ सालीं असा अंदाज प्रसिद्ध झाला कीं, भारतांतील शेंकडा ७.३ गुरांस हा रोग असावा. म्हणजे सुमारें दोन कोटी अठरा लक्ष जनावरें. अन्य देशांत चाचणींत सांपडलेलें जनावर मारून टाकण्याची रीत आहे. आपल्या राज्यांत १९७६ च्या कायद्यानें गाईचा व २०१५ पासून बैलाचाही वध बंद आहे, आणि शेतकऱ्याच्या मनासही तो रुचत नाहीं. तेव्हां आपल्यापुढें मार्ग उरतात ते चांगल्या कुळाची निवड, स्वच्छ गोठा आणि लस हे. मुलांस टोंचतात ती बी. सी. जी. लस मुळांत गायीच्याच जंतूपासून काल्मेत व गेराँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १९०८ ते १९२१ पर्यंत खपून तयार केली, हें येथें लक्षांत घ्यावें. ती वासरांस टोंचल्यास रोगाचा फैलाव पुष्कळ कमी होतो, असें इथिओपियांतील प्रयोगावरून २०२४ सालीं दिसून आलें आहे.

आतां घरीं काय करावें तें सांगून लेख पुरा करितों. दूध, मग तें गावठी गायीचें असो, संकरित गायीचें असो कीं म्हशीचें असो, उकळी आल्यावांचून कोणासही देऊं नये. क्षयाचा जंतु ७२ अंश उष्णतेंत पंधरा सेकंदांत मरतो, मग उकळीची काय कथा! गाय सतत खोकूं लागली, चारा खाऊनही खंगूं लागली, तर तिला वेगळी बांधून पशुवैद्यास बोलवावें. नवी गाय आणण्यापूर्वीं तिची तपासणी करून घ्यावी. घरांत कोणास क्षय असेल तर त्यानें बरा होईपर्यंत गोठ्यांत काम करूं नये, कारण मनुष्याचा रोगही गुरांस जडूं शकतो. आणि विद्यार्थ्यांनो, एक वही घाला. वासराची जन्मतारीख, त्याची आई, त्याचा बाप आणि प्रत्येक आजार तींत लिहा. उद्यां कोणी शास्त्रज्ञ कोंकणांतल्या गायींचें कुळ शोधीत आला, तर त्यास पुस्तकापेक्षां ती वहीच अधिक उपयोगी पडेल.

आमच्या त्या विद्यार्थ्यानें हें सारें घरीं जाऊन सांगितलें. आठ दिवसांनीं त्याला विचारतां तो म्हणाला, "सर, आजोबा म्हणाले, दूध तापवूं, पण गाय मात्र विकणार नाहीं." आमच्या मतें आजोबांचे दोन्ही निर्णय बरोबर आहेत.