पाहुणा, पर्यटक आणि टिपेश्वरचे अरण्य

‘जबाबदार पर्यटन’ हा शब्दप्रयोग आपण शासकीय पत्रकांत नेहमी वाचतो. जबाबदारी कोणाची आणि कोणाप्रती, हे मात्र त्यातून कळत नाही. म्हणून प्रथम शब्दांकडे पाहू. ‘पर्यटन’ म्हणजे सर्वत्र फिरणे. ‘पाहुणा’ हा शब्द संस्कृत ‘प्राघूर्ण’पासून प्राकृतमार्गे आला, त्याच्याही मुळाशी भटकण्याचाच अर्थ आहे. परंतु मराठीने पाहुण्याला पाहुणचार दिला आणि यजमानही दिला. पर्यटकाला यजमान असतो काय?

यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्य घ्या. पांढरकवड्याजवळचे सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे हे अरण्य १९९७ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. भोवती कपाशीची शेते आणि कोलाम, गोंड यांच्या वस्त्या आहेत. जिप्सीत बसलेल्याला वाघ दिसला तर ते त्याचे भाग्य. कापूस वेचणाऱ्या बाईला तोच दिसला तर ते संकट. अभयारण्याबाहेर, पांढरकवडा-राळेगाव परिसरात, १३ माणसांच्या मृत्यूस कारणीभूत मानलेली वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेली. वनविभागाच्या नोंदीत ती ‘टी-१’, वृत्तपत्रांत ‘नरभक्षक’, प्राणिप्रेमींच्या तोंडी ‘अवनी’. वाघिणीला तीन नावे मिळाली. त्या १३ जणांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला आठवते का?

२०१९ च्या जूनमध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ बाहेर पडला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्याने त्याची वाट नोंदली गेली. महाराष्ट्र व तेलंगणातील शेते, ओढे, रस्ते ओलांडत १३०० किलोमीटरहून अधिक चालून डिसेंबरात तो बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पर्यटकांचा पैसा मात्र प्रवेशद्वारापाशीच खेळतो. वाघाला वाट देणाऱ्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत तो जात नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न येथेच आहे. वाहनांची संख्या मर्यादित ठेवणे आवश्यकच. पण मारल्या गेलेल्या जनावराची भरपाई वेळेवर मिळणे हाही पर्यटनव्यवस्थेचाच भाग मानला पाहिजे.

मार्गदर्शकही गावचाच हवा. कोलामी ही द्राविड कुळातील भाषा आहे. ती बोलणाऱ्याने दाखवलेले अरण्य निराळे असेल. (हा भाषाभ्यासकाचा पक्षपात समजावा.)

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एका पर्यटनस्थळी जाऊन तेथे राहणाऱ्या तीन व्यक्तींशी बोला. आलेल्या माणसाला ते ‘पाहुणा’ म्हणतात, ‘पर्यटक’ म्हणतात की आणखी काही, ते त्यांच्याच बोलीत नोंदवा. त्या शब्दामागील कारण त्यांना विचारून दहा ओळींत लिहा.