पुढच्याच्या पाळीवर लिहिलेला खर्च

सिव्हिलायझेशनसारख्या खेळात एकच साम्राज्य चार-पाच जणांनी पाळीपाळीने चालवायचं, प्रत्येकाने ठरावीक टर्न खेळून सेव्ह फाइल पुढच्याच्या हाती द्यायची, या पद्धतीत एक धोका आहे आणि तो नव्याने बसणाऱ्यांना आधीच सांगायला हवा. असे डाव खेळून आणि पाहून माझं मत पक्कं झालं आहे: सामायिक साम्राज्य शत्रूच्या हातून क्वचितच बुडतं. खर्चाचं श्रेय एकाच्या पाळीत जमा होतं आणि त्याचं देणं दुसऱ्याच्या पाळीत येऊन पडतं, म्हणून ते बुडतं. मी हे बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या जसोंडीत बसून लिहितो आहे. याच जिल्ह्यात, असीरगडाच्या परिसरात धूलकोटजवळ, जून १८१८च्या सुरुवातीला दुसरा बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाखांची पेन्शन घेऊन बिठूरला गेला. मराठी राज्य हेही एका अर्थाने पाळीपाळीने आणि भागीदारीत चाललेलं साम्राज्यच होतं. त्याचा हिशेब शेजारी ठेवला की पडद्यावरच्या खजिन्याचं दुखणं अधिक स्पष्ट दिसतं.

आधी खेळातला व्यवहार पाहू. २००५ साली आलेल्या सिव्हिलायझेशनच्या चौथ्या आवृत्तीत पैशाची बाजू सर्वांत कठोर आहे, म्हणून उदाहरण तिचंच घेतो. तिथे प्रत्येक शहराला मेंटेनन्स आहे. राजधानीपासून शहर जितकं दूर तितका तो जास्त, आणि शहरांची संख्या वाढली की सगळ्याच शहरांचा वाढतो. सैन्य आपल्या हद्दीबाहेर गेलं की त्याच्या रसदीचा खर्च वेगळा. त्यावर महागाई हळूहळू चढत जाते. गोल्ड शून्यावर आलं आणि तूट चालूच राहिली तर युनिटं आपोआप बरखास्त होऊ लागतात. आता शत्रूचं शहर जिंकलं की काय होतं ते बघा. जिंकणाऱ्याला लुटीचं गोल्ड लगेच, एकदाच मिळतं. शहर मात्र काही टर्न धुमसत राहतं, काही देत नाही, आणि शांत झाल्यावर मेंटेनन्स कायमचा मागतं. म्हणजे लूट जिंकणाऱ्याच्या पाळीत येते आणि देखभाल त्याच्यानंतर बसणाऱ्याच्या. जिंकणारा लबाड असतो असं मी म्हणत नाही. हिशेबाची मांडणीच अशी आहे की प्रामाणिक खेळाडूलाही आपली पाळी फायद्याची वाटते. तो गेला तेव्हा नकाशा मोठा होता, खजिन्यात आकडा होता, आणि पडझड सुरू झाली तेव्हा खुर्चीवर दुसराच कोणी होता.

आता शेजारचा मराठी राज्याचा हिशेब. १७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. त्यांत आमचा खानदेश सुभा होता, आणि त्याचं मुख्य ठाणं बुऱ्हाणपूर. या उत्पन्नाची वाटणी कशी झाली ते खेळाडूंनी बारकाईने पाहावं. सरदेशमुखी, म्हणजे वसुलाचा दहावा हिस्सा, राजाची. चौथाईतली पाव राजबाबती म्हणून राजाची, शेकडा सहा साहोत्रा, शेकडा तीन नाडगौंडा, आणि उरलेला शेकडा सहासष्टचा मोकासा सरदारांना, फौज बाळगण्यासाठी. त्या वेळी ही व्यवस्था शहाणपणाची होती. रिकाम्या तिजोरीच्या राजाला दुसऱ्या कुठल्याही मार्गाने इतकी फौज उभी करता आली नसती. पण यातून एक गोष्ट कायमची ठरून गेली: नवा मुलूख मिळाला की सरदाराचं उत्पन्न लगेच वाढे, मध्यवर्ती खजिन्याचं थोडं वाढे, आणि त्या मुलखाचं अखेरचं रक्षण मात्र मध्यवर्ती खजिन्याच्या गळ्यात पडे. १७५७-५८च्या उत्तरेच्या मोहिमेत मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या. त्या मोहिमेचं वर्णन आपण अभिमानाने करतो आणि करावंही. रघुनाथराव परत आले तेव्हा सोबत सुमारे ऐंशी लाखांचं कर्ज होतं, हा तिचाच दुसरा भाग आहे. नकाशावर रंग पसरला होता आणि खजिना त्या रंगाचं व्याज भरत होता.

पुढची दोन वर्षं तर या खेळाचा धडाच आहेत. फेब्रुवारी १७६०मध्ये उदगीरला निजामाचा पराभव झाला. साठ लाखांचा मुलूख आणि बुऱ्हाणपूर, असीरगड, दौलताबाद, नगर, विजापूर ही ठाणी मराठ्यांकडे आली. कागदावर वर्षाला साठ लाख. पण त्या मुलखाचा वसूल बसण्याआधीच सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे निघाले. ऑगस्टमध्ये दिल्लीत पोचल्यावर फौजेला द्यायला पैसे नव्हते. लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून त्याची नाणी पाडावी लागली. त्यातून सुमारे नऊ लाख रुपये निघाले. दोआबातल्या वसुलीसाठी गोविंदपंत बुंदेल्यांकडे तगादे चालू होते, आणि डिसेंबरात तेच मारले गेले. जानेवारी १७६१मध्ये पानिपतावर उपाशी फौज लढली. भाऊंच्या शौर्याला किंवा निर्णयाला दूषण द्यावं म्हणून हे सांगत नाही. मुद्दा इतकाच, की येणारं उत्पन्न आणि हातातलं उत्पन्न या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हद्दीबाहेर गेलेल्या फौजेला दुसऱ्याच प्रकारचं उत्पन्न लागतं. खेळात पाळी हाती घेणाऱ्याने जिंकलेल्या पण अजून धुमसणाऱ्या शहराचं एक नाणंही जमेत धरू नये. येऊ घातलेली लूट तर अजिबातच धरू नये.

यावर हटकून येणारा आक्षेप असा: थोरले बाजीराव आयुष्यभर कर्जात होते, ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांतून सावकारांच्या जाचाची त्यांची व्यथा दिसते, आणि तरी साम्राज्य त्यांनीच वाढवलं, मग कर्ज न काढता, काटकसरीने कोण साम्राज्य उभं करतो? आक्षेप खरा आहे. खेळातही सतत शिल्लक टाकणारा खेळाडू मागे पडतो. चौथ्या आवृत्तीत उत्पन्नातला किती वाटा संशोधनाकडे जावा हे ठरवणारा सायन्सचा स्लायडर शंभरावर ठेवून काही टर्न तूट सोसणं, मग शून्यावर आणून गोल्ड साठवणं, ही मान्य रीतच आहे. तूट म्हणजे पाप नव्हे. पण बाजीरावांच्या कर्जामागे वाढतं उत्पन्न होतं, माळवा-बुंदेलखंडातून वसूल येऊ लागला होता. शिवाय कर्ज काढणारा आणि सावकाराचं तोंड पाहणारा माणूस एकच होता. मी तुटीला दोन अटी घालतो. ती कोणत्या टर्नला संपणार हे आधी सांगता आलं पाहिजे, आणि तो टर्न शक्यतो माझ्याच पाळीत पडला पाहिजे. पडत नसेल तर पुढच्याची संमती आधी घ्यावी. या दोन अटींत बसणारं कर्ज खुशाल काढावं.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. दोष पाळीपाळीच्या खेळाचा कशाला, एकट्याच्या हातीही हेच होतं. औरंगजेब १६८१च्या अखेरीस बुऱ्हाणपुराला आला, तिथून दख्खनेत उतरला आणि १७०७ साली नगरला मरेपर्यंत उत्तरेत परत गेला नाही. एकच खेळाडू, अखंड पाळी, आणि तरी मनसबदारांना द्यायला जहागिरी उरल्या नाहीत. हे मान्यच करावं लागतं. सामायिक डाव हे दिवाळखोरीचं एकमेव कारण नाही. पण औरंगजेबाच्या मागे आग्र्याला बापजाद्यांचा साठा शिल्लक होता आणि तो मुलाने पाच वर्षांच्या आत बक्षिसांत आणि मोहिमांत उडवला, हेही त्याच गोष्टीत आहे. एकट्याची चूक तिच्या मर्यादेत थांबते. पाळी बदलली की नव्या माणसाला जुन्या खर्चाचं कारण ठाऊक नसतं, म्हणून तो कशाला हात लावावा आणि कशाला लावू नये हे ओळखू शकत नाही.

सर्वांत मोठं नुकसान मात्र लढाईच्या खर्चाने होत नाही. ते होतं जे बांधलंच गेलं नाही त्याने. खेळात कॉटेज नावाची वस्ती शेतजमिनीवर बसवता येते. सुरुवातीला ती जेमतेम एखादं नाणं देते. सतत कसली तर दहा टर्नांनी खेडं, मग वीस टर्नांनी गाव, मग आणखी चाळीस टर्नांनी नगर होते, आणि साम्राज्याचा खरा पैसा तिथून येतो. एकूण सत्तर टर्न. पंधरा टर्नांची पाळी असलेला खेळाडू ती कशाला बसवेल? आणि आधीच्याने बसवलेली मोडून तिथे लगेच धान्य देणारं शेत का करणार नाही? दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती लिलावाने मक्त्यावर दिल्या जाऊ लागल्या, तेव्हा नेमकं हेच झालं. जास्त बोली लावणाऱ्याला परगणा, तोही थोड्या मुदतीचा. मक्तेदाराने वर्षात जितकं निघेल तितकं काढलं; पुढच्या वर्षी जमीन पडीक पडली तर ती दुसऱ्या कोणाची चिंता. एलफिन्स्टनने पेशव्यांच्या मुलखाबद्दलच्या आपल्या अहवालात या मक्तेदारीचं वर्णन केलं आहे, आणि आधीच्या काळातली पारखून नेमलेल्या मामलेदारांची पद्धत तिच्या शेजारी मांडली आहे. लक्षात घ्या, या बाजीरावाची स्वतःची तिजोरी रिकामी नव्हती, त्याने पैसा साठवला होता. म्हणून खजिन्यातला आकडा पाहून कोणाची पाळी चांगली झाली असं ठरवू नये. याच्या उलट उदाहरण बुऱ्हाणपुरातच आहे. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५च्या सुमाराला, सातपुड्याच्या कुशीतलं भूजल शहरात आणण्यासाठी खोदलेला कुंडी भंडारा आजही पाणी देतो. त्याच्या खर्चाच्या वर्षी त्याचा फायदा कोणी मोजू शकलं नसतं.

मग खिळखिळं झालेलं साम्राज्य हाती आलं तर काय करावं? माधवराव १७६१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी गादीवर आले ते पानिपताचं देणं घेऊन. घरातच काका रघुनाथरावांशी झगडा होता आणि त्या झगड्यात बराच मुलूख निजामाकडे परत गेला. तो राक्षसभुवनच्या लढाईनंतर, १७६३मध्ये, फिरवता आला. त्यांनी हिशेब स्वतः पाहिले, दप्तर लावून घेतलं, कारभाऱ्यांना जाब विचारले. १७७२मध्ये थेऊरला मृत्यू समोर दिसत असताना त्यांनी जी कलमं लिहवून ठेवली त्यांत कर्ज फेडण्याचं कलम होतं. माझ्या मते पाळी सोपवण्याचा आपल्या इतिहासातला तो सर्वांत मोलाचा कागद आहे. त्याचं उलट टोक १७९८मध्ये दिसतं. गादी मिळवण्यासाठी दुसऱ्या बाजीरावाने दौलतराव शिंद्याला दोन कोटी कबूल केले होते. ते द्यायला नव्हते, म्हणून सर्जेराव घाटग्याने पुण्याच्या सावकारांना आणि रहिवाशांना छळून पैसा काढला. अंगावर घेतलेलं देणं कोणाकडून फिटणार हे न ठरवता पाळी मिळवली की असं होतं.

खेळात याचा अनुवाद मी असा करतो. पाळी हाती येताच एकही युनिट हलवू नये. स्लायडर शून्यावर नेऊन पाहावं, की सायन्सला काहीच न देता साम्राज्य किती कमावतं. तोही आकडा उणे असेल तर दुखणं खोल आहे. मग लढाई थांबवून हद्दीबाहेरची फौज आत आणावी, जुनी निरुपयोगी युनिटं स्वतःच्या हाताने मोडावीत, म्हणजे खेळ तुमच्या कामाची मोडणार नाही. दूरच्या शहरांत आधी कोर्टहाउस, कारण त्याने मेंटेनन्स निम्मा होतो. चलनाची विद्या मिळाली नसेल तर तीच आधी, कारण तिने प्रत्येक शहराला एक व्यापारी मार्ग वाढतो आणि शहरांना उत्पादनाचं थेट गोल्ड करता येतं. आणि सांभाळता येत नाही असं दूरचं शहर देऊन टाकायला कचरू नये. यावर सोबतचे सर्वांत जास्त चिडतात. ज्याने ते जिंकलं त्याला ते आपलं वाटतं. त्याला सांगावं की त्याच्या विजयाची किंमत गेले वीस टर्न बाकीच्यांनी भरली आहे.

या तुलनेला एक मर्यादा आहे. खेळातल्या शहरांत माणसं नाहीत. १६३०-३२च्या दुष्काळात शहाजहान बुऱ्हाणपुरातच होता. खालसा मुलखातला सुमारे सत्तर लाखांचा वसूल माफ झाला आणि लंगरं उघडली गेली, तरी खानदेश-गुजरातेत माणसं असंख्य मेली. पडद्यावर उत्पन्न घटलं की एक आकडा लाल होतो. प्रत्यक्षात त्या आकड्याखाली कुणबी असतो. म्हणून इतिहासातल्या राज्यकर्त्यांना खेळाच्या फुटपट्टीने नापास करणं मला मान्य नाही. उलट दिशेने मात्र तुलना चालते: खऱ्या माणसांना जे इतक्या किमतीत कळलं ते आपण फुकट शिकू शकतो.

राहिला प्रश्न पाळीच्या लांबीचा. डाव सुरू होण्याआधी सगळ्यांनी बसून ती ठरवावी आणि थोडी लांब ठेवावी. पंधराऐवजी तीस टर्न असतील तर खेळाडूला आपल्या बऱ्याचशा खर्चाचं फळ आणि व्याज दोन्ही स्वतः पाहावी लागतात. सेव्ह फाइलसोबत चार ओळींचा कागद द्यावा: शून्य स्लायडरवरची कमाई किती, हद्दीबाहेर किती युनिटं, कोणत्या कॉटेजी मोडायच्या नाहीत, आणि कोणाला काय कबूल केलं आहे. कागद आला नाही तर पुढच्याने पाळी स्वीकारू नये, फाइल परत पाठवावी.