बीज, देश आणि सात्म्य : घोड्यांतील कीटकदंशजन्य कंडूच्या निमित्ताने

“ही ॲलर्जी आमच्या घराण्यातच आहे, मग औषधाचा काय उपयोग?” असे रुग्ण वारंवार विचारतात. वसई-विरारचा खाडीकाठ हा अनूप देश. पावसाळ्यात कीटकदंशाने अंगावर गांधी उठलेले रुग्ण आपणांकडे नित्य येतात. घोड्यांतील एका व्याधीच्या अभ्यासातून या प्रश्नाचे उत्तर मिळते. शालिहोत्राच्या परंपरेतील आपणांस हा विषय परका वाटू नये.

व्याधिस्वरूप : क्युलिकॉइडिस नावाची, डासाहून लहान चिलटे घोड्यास चावतात. त्यांच्या लाळेतील प्रथिनांविरुद्ध काही घोड्यांत आयजीई प्रतिपिंडे निर्माण होतात. पुढील दंशाने आयाळ व शेपटीच्या मुळाशी तीव्र कंडू, केस गळणे, त्वचा जाड होणे ही लक्षणे दिसतात. ही चिलटे आपल्याकडेही आहेत; १९६४ साली महाराष्ट्रात मेंढ्या-शेळ्यांत नोंदलेला ब्लूटंग रोग त्यांच्याचमार्फत पसरतो.

बीजविचार : व्याधी काही वंशावळींत अधिक दिसतो. मात्र त्यास एकच जनुक कारणीभूत नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आइसलँडी व एक्समूर या दोन्ही जातींत प्रतिकारशक्तीशी निगडित जनुकसमूहाचा संबंध आढळला. बीजभागाच्या दुष्टीमुळे तज्जन्य अवयवात विकृती होते, हा चरकसंहितेच्या शारीरस्थानातील विचार येथे स्मरावा.

देश व सात्म्य : आइसलँडमध्ये घोड्यांना चावणारी ही चिलटे दीर्घकाळ नव्हती. तेथून प्रौढ वयात युरोपात नेलेल्या घोड्यांपैकी, चिलटांच्या प्रदेशात, निम्म्यापर्यंत घोडे पीडित होतात. त्याच जातीची युरोपात जन्मलेली शिंगरे मात्र बरीच कमी पीडित होतात. कोवळ्या वयात नेलेल्या शिंगरांचेही तसेच. बीज एकच, परंतु प्रथम संपर्काचे वय भिन्न. बाल्यात जे सात्म्य झाले, ते प्रौढपणी असात्म्य ठरले.

व्यवहारातील बोध : कुलवृत्तासोबत रुग्णाचा जन्मदेश, स्थलांतर व लक्षणांचा ऋतू अवश्य विचारावा. “आनुवंशिक आहे” म्हणून रुग्णास निराश करू नये. निदानपरिवर्जन आपल्या हाती आहे. घोड्याचा मालक औषधालयात केवळ लेप मागू लागल्यास पहाटे व दिवेलागणीस घोडा तबेल्यात बांधणे, पंखा लावणे, अंगावर झूल घालणे हे सांगावे व पशुवैद्याकडे पाठवावे. भीमथडीस आता स्वतंत्र देशी जातीची मान्यता मिळाली आहे; तिच्या पैदासकारांनी दरवर्षी त्याच ऋतूत कंडू होणाऱ्या घोड्यांची वंशावळीत नोंद ठेवल्यास पुढील निवड सुकर होईल.

एक गोष्ट निक्षून सांगतो. मधमाशी वा गांधीलमाशीच्या दंशानंतर श्वासकष्ट, घशास वा चेहऱ्यास सूज, भोवळ दिसल्यास लेप-काढ्यात क्षणही दवडू नये. ॲड्रिनॅलिन उपलब्ध असलेल्या रुग्णालयात रुग्ण तत्काळ न्यावा.

बीज प्रवृत्ती देते. व्याधी प्रकट होण्यास देश, काल व संपर्क यांची जोड लागते. चिकित्सकाचा अधिकार तेथेच आहे.