अंगठ्याच्या ठशाची काळजी

प्रश्न: लॉजवर, सोसायटीत, सगळीकडे आधारची झेरॉक्स देत आले. आता ऐकते, ठशावरून खात्यातले पैसे जातात. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, नुसत्या झेरॉक्सवर पैसे निघत नाहीत; खरी काळजी ठशाची. आधार जोडलेल्या खात्यातून मायक्रो-एटीएमवर पैसे काढायला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोट एवढं पुरतं. ना पिन, ना ओटीपी. तेलंगणात २०१८ साली खरेदीखतांवरचे ठसे उचलून रबरी ठसे बनवले गेले आणि त्यांवर सिमकार्डं सुरू केली गेली. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट कुठून बदलणार?

म्हणून आजच एमआधार अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक करा. रेशनला अंगठा लागला, की थोड्या वेळापुरतं उघडता येतं. माझ्या मते हे कुलूप मुळातच लावलेलं हवं होतं; खेड्यातल्या आजीने अ‍ॅप कुठून शोधायचं?

झेरॉक्सऐवजी मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात. लॉजवर मतदार ओळखपत्रही चालतं. न काढलेले पैसे गेल्याचा मेसेज आला, तर लगेच बँकेला कळवा आणि १९३० वर तक्रार नोंदवा.