चार बाइटांचा दिवा

प्रश्न : मी चामोर्शीचा, इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात ८०५१ चे प्रोग्रॅम मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये लिहितो. घरचा लॅपटॉप जुना आहे, ते सॉफ्टवेअर त्यावर रखडतं, आणि गावात नेटही धड नसतं. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करून चालणाऱ्या असेम्ब्लरने हे काम होईल का? मित्र म्हणतात, आता सगळं सी भाषेतच होतं, असेम्ब्लीत कशाला वेळ घालवतोस.

उत्तर : होईल, आणि जुन्या लॅपटॉपवर अगदी सुखाने होईल. एसेम-५१ नावाचं असेम्ब्लर फुकट मिळतं, ते विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. नोटपॅडमध्ये प्रोग्रॅम लिहायचा, ‘दिवा.ए५१’ अशा नावाने ठेवायचा आणि काळ्या पडद्यावर ‘एसेम’ (विंडोजवर ‘एसेमडब्ल्यू’) लिहून पुढे फाइलचं नाव द्यायचं, अर्थात इंग्रजी अक्षरांत. लगेच दोन नव्या फाइली तयार होतात. एक हेक्स फाइल, जी चिपमध्ये जाते. दुसरी लिस्ट फाइल, आणि माझ्या मते खरं शिक्षण याच फाइलीत आहे.

एक प्रोग्रॅम घेऊ. पहिली ओळ ‘सीपीएल पी१.०’, म्हणजे पोर्ट १ ची पहिली पिन उलट कर. दुसरी ओळ ‘एसजेएमपी’, म्हणजे मागे जा. लिस्ट फाइलीत यांच्यासमोर दिसतं : पत्ता ००००, बाइट बी२ आणि ९०, पत्ता ०००२, बाइट ८० आणि एफसी. संपला प्रोग्रॅम, चार बाइट. यातलं एफसी नीट पाहा. उडीची सूचना वाचून होईपर्यंत चिपचा काउंटर ४ वर पोचलेला असतो. शून्यावर परत यायचं तर ४ मागे जायला हवं, आणि आठ बिटांत उणे ४ म्हणजे २५२, अर्थात एफसी. एवढा एक बाइट कागदावर स्वतः काढलात तर दोनच्या पूरकाचा नियम पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

हेक्स फाइलीत याचीच एक ओळ होते. आधी किती बाइट ते (०४), मग पत्ता, ओळीचा प्रकार, मग आपले चार बाइट आणि शेवटी ताळ्याचा बाइट ३ई. दशमानात बेरीज करा : ४ + १७८ + १४४ + १२८ + २५२ + ६२ = ७६८, म्हणजे बरोबर २५६ ची तिप्पट. बेरजेचा शेवटचा बाइट शून्य आला की ओळ शाबूत.

हा प्रोग्रॅम चिपमध्ये घालाल तेव्हा दिवा लुकलुकणार नाही, नुसता पेटलेला दिसेल. १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर एक मशीन सायकल म्हणजे एक मायक्रोसेकंद. उलट करायला एक, उडीला दोन. दर तीन मायक्रोसेकंदांनी पिन बदलते, ती डोळ्याला कुठून दिसणार? म्हणून मध्ये थांबा घालायचा. ‘डीजेएनझेड’ ही सूचना दोन मायक्रोसेकंद घेते. २५० वेळा फिरवली की अर्धा मिलिसेकंद. त्याच्या बाहेर २५० चा दुसरा फेरा, त्याच्या बाहेर ४ चा तिसरा, की साधारण अर्धा सेकंद झाला. हे गणित सी मध्ये कंपायलर तुमच्यापासून लपवतो.

आता अडकायच्या जागा. हेक्स आकडा अक्षराने सुरू होत असेल तर त्याच्या आधी शून्य हवं, नाहीतर असेम्ब्लर त्याला नाव समजतं आणि ‘हे कुठे सांगितलंय’ म्हणून तक्रार करतं. दिवा +५ व्होल्टपासून ३३० ओहममधून पिनकडे आणा. पिन शून्य झाली की तो पेटतो, कारण ही पिन करंट ओढून घेण्यात सशक्त आहे, देण्यात अशक्त. आणि ३१ नंबरची पिन +५ ला जोडायला विसरू नका. मी सुरुवातीला ती तशीच सोडली होती. प्रोग्रॅम बरोबर, हेक्स बरोबर, तरी चिप मुकाट. अख्खी दुपार ओळी तपासण्यात गेली. ती पिन खाली असली की चिप आतला प्रोग्रॅम सोडून बाहेरची मेमरी शोधत बसते. चिप एटी८९एस५२ घ्या. तिच्यात ८ किलोबाइट फ्लॅश आहे आणि तीन पिना व रीसेट जोडून ती सर्किटमध्येच भरता येते, उपसून काढावी लागत नाही.

मित्रांचं म्हणणं चूक नाही. मोठं काम सी मध्येच करा, मीही करतो. पण इंटेलने १९८० साली आणलेली ८०५१ अजून शिकवतात, कारण ती एका माणसाच्या डोक्यात पूर्ण मावते. ते मावणं असेम्ब्लीतूनच होतं.

पुढची पायरी तुमच्याच शिवारातली घ्या. धानाच्या बांधीवर लाइन आली की सगळ्या ऑटो स्विचच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज खाली बसतं. म्हणून आपली मोटार जरा थांबून सुरू करायची : वरच्या अर्ध्या सेकंदाच्या फेऱ्याबाहेर २४० चा चौथा फेरा घाला. २४० एका रजिस्टरमध्ये बसतो, आणि थांबा दोन मिनिटांच्या किंचित वर जातो. आधी हे दिव्यावर पाहा. स्टार्टरची जोडणी जाणत्या वायरमनसोबतच करा. मग शेजारच्या मोटारीच्या चिपमध्ये २४० च्या जागी १८० लिहा, म्हणजे दोन्ही एकदम सुरू होणार नाहीत.