चॅप्टरची सेक्रेटरी झालीस ना, मग ऐक

अगं, स्टुडंट चॅप्टरची सेक्रेटरी झालीस आणि मेसेजचा सूर असा रडवेला का? सबमिशनं, व्हायवा, एसटीने रोजचं जाणं-येणं, त्यात इंजिनिअर्स डेचा कार्यक्रम गळ्यात पडलेला. सगळं वाचलं मी. पण मनाला लागलं ते तुझं शेवटचं वाक्य. "ताई, या सोसायटीचा खरंच काही उपयोग होतो का गं, की नुसतं सर्टिफिकेट मिळतं?" बाकीचं मागाहून बघू, आधी याचं उत्तर देते.

खरं सांगू का, सर्टिफिकेटचा फारसा उपयोग नाही. मी आता मुलाखती घेणाऱ्यांमध्ये बसते, आणि फायलीतली ती रंगीत पानं मी उलटतसुद्धा नाही. मी विचारते, "शेवटची साइट कुठली पाहिलीस आणि तिथे काय दिसलं?" ज्या मुलीला यावर पाच मिनिटं बोलता येतं, तिचा आवाजच बदलतो बघ. सोसायटी आहे ती त्यासाठी. कॉलेजात न भेटणारी माणसं आणि कॉलेजात न दिसणारं काम, दोन्ही तिथे आहेत. फक्त ते मागून घ्यावं लागतं, कुणी आपणहून ताटात वाढत नाही.

आणि मोठाल्या नावांनी दबून जाऊ नकोस. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स १९२० सालची, मुख्यालय कोलकात्याला. जिओटेक्निकल सोसायटी १९४८ची, इंडियन काँक्रीट इन्स्टिट्यूट १९८२ची. आपल्या शहरात मात्र हे सगळं म्हणजे महिन्यातून एखाद्या संध्याकाळी जमणारी तीस-चाळीस माणसं. दोन-चार स्ट्रक्चरल कन्सल्टंट, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले साहेब, एखादा कॉन्ट्रॅक्टर, टेस्टिंग लॅबवाले, सिमेंट कंपनीचा टेक्निकल माणूस. तासभर व्याख्यान आणि मग चहा. मुली मागच्या रांगेत बसतात आणि आभारप्रदर्शन संपायच्या आत बस पकडायला पळतात. तू चहाला थांब. स्लाइडवर नसलेलं सगळं तिथे बोललं जातं. कुठल्या पायाला पाणी लागलं, कुठला बीम का झुकला, खडीत माती आली तेव्हा काय केलं.

उशीर होतो, घरचे काळजी करतात, हे मला माहीत आहे गं. म्हणून तर तुझं सेक्रेटरी असणं कामाला येणार आहे. सरळ सोसायटीच्या आपल्या शहरातल्या सेंटरच्या मानद सचिवांना फोन लाव आणि सांग, "सर, साडेसहाऐवजी शनिवारी चारला घेतलं तर आमच्या मुली थांबू शकतील." बहुतेकदा ते हो म्हणतात, कारण हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलंच नसतं. आईलाही आधीच सांगून ठेव, कुठे आहे, कोण कोण आहे, परत कशी येणार. आईला माहिती दिली की तिची भीती निम्मी होते.

चहाच्या वेळी काय बोलायचं, ही तुझी दुसरी धास्ती. जाताना एकच प्रश्न वहीत लिहून ने, पण खरा पडलेला. समज, व्याख्यान काँक्रीटवर आहे. विचार, "सर, पुस्तकात काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात, मग स्लॅबचे टेकू त्याआधीच कसे काढतात?" बघ मग कसे चार जण सरसावून बोलायला लागतात ते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकात साध्या सिमेंटसाठी साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४, सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४ आणि त्यापुढे २१ दिवस दिलेत, हे तू वाचशीलच. पण थंडीच्या दिवसांत किंवा फ्लाय अॅश घातलेल्या सिमेंटला तेवढ्यावर विसंबायचं का, हे साइटवर केस पांढरे केलेला माणूसच सांगेल. असा प्रश्न विचारलेली मुलगी त्या लोकांच्या लक्षात राहते, आणि इंटर्नशिपच्या वेळी याच ओळखी धावून येतात.

आता तुझ्या त्या कार्यक्रमाचं बोलू. १५ सप्टेंबर, विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस. दरवर्षी फोटोला हार, शाल-श्रीफळ, दोन भाषणं आणि वेफर्स-समोसा. यंदा माझं ऐकशील? १८ ऑगस्टला काँक्रीटचे क्यूब टाका. बरोबर २८ दिवस १५ सप्टेंबरला भरतात! मग त्या दिवशी सगळ्यांसमोर ते फोडा.

लॅबमधल्या मामांना आधी जाऊन भेट, सरांच्या सहीचं पत्र घेऊन. साचे १५० मिलीमीटरचे, आतून तेलाचा हलका हात फिरवलेला. मिक्स एकच करायचं, एम २५ धर, आणि तीन गट पाडायचे. पहिल्या गटाने थर देऊन नीट ठोकायचं आणि दुसऱ्या दिवशी साचा उघडून क्यूब पाण्याच्या टाकीत ठेवायचे. दुसऱ्याने ठोकायचं तसंच नीट, पण क्यूब पाण्यात न ठेवता गच्चीवर उन्हात सोडायचे. तिसऱ्याने मुद्दाम अर्धवट ठोकायचं, मग पाण्यात ठेवायचे. प्रत्येक गटाचे तीन-तीन क्यूब, त्यावर तारीख आणि गट ऑइलपेंटने लिहायचा. खडूने लिहू नका, पाण्यात पुसलं जातं.

मशीनखाली क्यूब ठेवताना ओतलेली बाजू वर नको, आडवी हवी, म्हणजे साच्याला टेकलेली सपाट तोंडं वर-खाली येतात. भार एकसारख्या गतीने वाढवायचा. एम २५चा क्यूब २५ न्यूटन प्रति चौरस मिलीमीटरला उतरला, तर त्या वीतभर ठोकळ्याने साधारण ५७ टन पेललेले असतात. हे पहिल्या वर्षाच्या पोरांना मोठ्याने सांग, त्यांना फार आवडतं. चांगला क्यूब चारही बाजूंनी सारखा सोलपटतो आणि मधे डमरूसारखा आकार उरतो. अर्धवट ठोकलेल्याच्या कोपऱ्यात पोकळ्या दिसतील, तिथून तो आधी जाईल. प्रत्येक गटाच्या तिन्ही निकालांची सरासरी काढ आणि एखादा निकाल सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त लांब असेल तर का, ते शोधा. हा शोध घेताना जे वाद होतील ना, तोच तुझा कार्यक्रम. पाहुण्यांना भाषणाऐवजी मशीनजवळ उभं करा आणि प्रत्येक क्यूब फुटल्यावर त्यांना दोन मिनिटं बोलायला सांगा. शालीचे पैसे वाचतील, त्यात सिमेंट येईल.

खडकवासल्याची सहल ठरवलीत, हे मला फार बरं वाटलं. विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले, म्हणजे आजचं सीओईपी. १८८४ला मुंबई प्रांताच्या बांधकाम खात्यात लागले आणि त्यांनी तयार केलेले स्वयंचलित दरवाजे १९०३मध्ये खडकवासल्याला बसले. धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवायचं आणि पुराचं पाणी ठरावीक पातळीवर चढलं की दरवाजे आपोआप उघडायचे. पण गं, तिथे गेलात की पानशेतबद्दलही बोला. मातीचं ते नवं धरण १२ जुलै १९६१ला पहिल्याच पावसाळ्यात फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फोडलं आणि पुण्याचा नदीकाठ वाहून गेला. तुमच्या सेंटरमध्ये त्या वेळी शाळकरी असलेले कुणी ज्येष्ठ नक्की असतील. त्यांना बसमध्ये तुमच्या सोबत घ्या. आपल्या हातून काय काय घडू शकतं, हे सिव्हिलच्या मुलांनी एकविसाव्या वर्षीच ऐकायला हवं असं मला मनापासून वाटतं.

साइटवर जाताना सुती पूर्ण बाह्यांचा कुर्ता किंवा शर्ट, ओढणी नाही, केस बांधलेले, तळ जाड असलेले बूट. सेंट्रिंगच्या फळ्यांना खिळे असतात, चपलेतून सरळ आत जातात. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लाव. आणि स्वच्छतागृहाची सोय आहे का, हे साइट इन्चार्जना आदल्या दिवशीच फोनवर विचार. "आमच्या बारा मुली आहेत, सोय कुठे आहे?" एवढं वाक्य. लाजायचं काही कारण नाही. पोरी दिवसभर पाणी न पिता उन्हात फिरतात आणि मग डोकं धरून बसतात, ते मला अजिबात चालणार नाही.

स्लॅबच्या सळयांवरून चालायची वेळ आली तर फळीवरूनच चाल. वरची जाळी पायाखाली दबली की सळई हवी त्यापेक्षा खाली जाते, आणि आधाराजवळ जिथे ताण वरच्या बाजूला येतो तिथेच ती कमी पडते. फिटरदादांशी बोल. "दादा, ही सळई इथे वर का उचललीत?" एवढं विचार. ते खडूने जमिनीवर रेघ ओढून दाखवतील, आणि तुला बेंडिंग मोमेंटची ती आकृती एकदम ओळखीची वाटेल. घरी आल्यावर एकच पान लिही. काय पाहिलं, हाताने काढलेलं एक चित्र, आणि उत्तर न मिळालेला एक प्रश्न. तोच प्रश्न पुढच्या चहाला.

आइस्क्रीमच्या काड्यांच्या पुलाची स्पर्धा घेणार म्हणालीस. घ्या, पण कुणाचा पूल जास्त वजन घेतो एवढंच बघू नका. पुलाचं स्वतःचं वजन आणि त्याने पेललेलं वजन यांचं गुणोत्तर काढा, आणि तो मोडताना मोबाइलवर सावकाश गतीचं चित्रण करा. काडी मधे मोडणं त्यामानाने कमी दिसेल. दाबातली लांब काडी बाजूला वाकते, नाहीतर जोड सुटतो. जोडाचं महत्त्व कळलं की मुलींना शकुंतला भगत यांच्याबद्दल सांग. १९५३मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिलची पदवी घेतलेल्या. पुढे पतीबरोबर क्वाड्रिकॉन कंपनी काढून त्यांनी ठरावीक सुट्या भागांतून उभे राहणारे पोलादी पूल रचले, आणि त्यासाठी वेगळ्या धर्तीचा जोडच तयार केला. हिमाचलात स्पितीला त्यांचा पहिला पूल उभा राहिला, १९७२मध्ये. अशी नावं आपल्या फलकांवर का दिसत नाहीत, याचा मला दरवर्षी राग येतो. यंदा तुझ्या फलकावर ती दिसू दे.

एका बाबतीत मात्र कडक राहा. सेंटरची मंडळी जुन्या हाऊसिंग सोसायट्यांमध्ये मार्गदर्शनाला जातात, तेव्हा तुम्हा विद्यार्थ्यांना सोबत नेतील. जरूर जा. भेगा मोज, नकाशावर खुणा कर, भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिही, म्हणजे भेग वाढते आहे का ते पट्टी तडकल्यावर कळतं. पण एखाद्या आजींनी हात धरून विचारलं, "बाळा, बिल्डिंग पडणार तर नाही ना?" तर हो किंवा नाही, काहीही बोलू नकोस. "आजी, मी अजून शिकते आहे, सर तपासून लेखी देतील" एवढंच सांग आणि सरांना बोलावून आण. तुझ्या एका शब्दावर ती माणसं घर सोडतील, नाहीतर निर्धास्त झोपतील. तो शब्द द्यायचा हक्क अजून आपला नाही.

पैशाचं थोडक्यात. बस, चहा, छपाई, प्रत्येकाची पावती, एक वही, खजिनदार आणि तुझी अशा दोन सह्या. मैत्रिणीच्या यूपीआयवर वर्गणी गोळा करू नकोस.

आणि सगळं एकटीने ओढू नकोस गं. क्यूबची टाकी सेकंड इयरच्या मुलांकडे दे, फलक त्या चित्रं काढणाऱ्या मैत्रिणीकडे, बसचं काम ज्याला फोनवर भांडता येतं त्याच्याकडे. तुझ्याकडे फक्त यादी आणि तारखा. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस चॅप्टरचं काहीही ठेवायचं नाही, हे कमिटीच्या पहिल्याच बैठकीत लिहून घे.

आता उठ आणि मामांना विचार, १८ तारखेला नऊ साचे मोकळे आहेत का. नसतील तर सेंटरच्या लॅबवाल्यांकडून दोन-तीन उसने मिळतात, मी त्यांचा नंबर पाठवते. पत्राचा मसुदा आज रात्रीच मला दाखव.