अनुकूलता आणि सामंजस्य : एक शब्दविचार

‘अनुकूलता’ आणि ‘सामंजस्य’ हे दोन शब्द व्यवहारात एकाच अर्थाने योजिले जातात. साधनमार्गात मात्र त्यांतील भेद न ओळखल्यास हानी होते. म्हणून हा विचार अगत्याचा आहे.

शब्दार्थ : कूल म्हणजे काठ. काठाला धरून जाते ते अनुकूल. तो काठ कोठे नेतो, याचा निर्णय त्या शब्दात नाही. अंजस म्हणजे सरळ. जे सम्यक् सरळ व युक्त ते समंजस. त्याचा भाव ते सामंजस्य. पहिली आवडीवरून ठरते, दुसरे योग्यायोग्यतेवरून.

दृष्टांत : बीड जिल्ह्यातील तेलगाव हे साखर कारखान्याचे गाव. गळिताच्या हंगामात उसाने भरलेली बैलगाडी पाहावी. जुवाखालील दोन्ही बैलांची चाल जुळली, ही अनुकूलता. परंतु दोघेही मिळून चाकोरी सोडून कडेच्या हिरवळीकडे वळले, तर जोडी जुळलेली असूनही गाडी कलंडते. एकाने तिकडे ओढ घेतली आणि दुसरा चाकोरीत टिकला, तर जू करकरते, मान रगडते. पण गाडी वाचते.

दार्ष्टांतिक : वासनिकाला रुचेल तेवढेच साधूने निरूपावे, आणि तसे निरूपणाऱ्याचाच वासनिकाने आदर करावा, ही दोघांची अनुकूलता खरी, परंतु तीत दोघांचाही आचार ढळतो. चाकोरी म्हणजे सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे वचन. त्याला धरून कोणी दोष दाखविला, तर तो विरोध नव्हे. तेच सामंजस्य होय.

‘स्मृतिस्थळा’तील प्रसंग येथे आठवावा. केशिराजबास संस्कृताचे मोठे पंडित. त्यांनी संस्कृतात रचना करावी, हे त्यांच्या विद्वत्तेला अनुकूलच होते. परंतु श्रीनागदेवाचार्यांनी त्यांना निवारिले. कारण त्यामुळे मार्गातील म्हाताऱ्या ज्ञानाला मुकल्या असत्या. ‘सूत्रपाठ’ व ‘दृष्टांतपाठ’ आपणांस मराठीत लाभले आहेत. येथे आचार्यांनी पंडिताची मर्जी राखली नाही आणि पंडितानेही रोष धरला नाही. संघातील सर्वांत दुर्बळ श्रोत्याचे हित दोघांनी समोर ठेविले.

म्हणून कोणाशी आपले फार जुळते असे वाटेल, तेव्हा साधकाने एवढेच पाहावे : आपण दोघे चाकोरीत आहोत, की केवळ एका दिशेने वळलो आहोत?

दंडवत प्रणाम.